स्टोमा असेल तर नुसतं पाणी का पुरत नाही

मावशीचं इलिओस्टॉमीचं ऑपरेशन झालं, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून (या तोंडालाच स्टोमा म्हणतात) तिथे पिशवी लावली, आणि घरी आल्यावर काही दिवसांनी तिला रात्रीचे पोटऱ्यांत गोळे यायला लागले. तोंड कोरडं, लघवी थोडीशीच आणि गडद पिवळी. आम्ही काळजीपोटी ग्लासावर ग्लास पाणी पाजत होतो आणि पिशवी मात्र अजूनच भराभर भरत होती, आतलं सगळं पाण्यासारखं पातळ. असं का होतं ते मी नंतर वाचलं आणि मनापासून वाटलं की हे प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना माहीत असायलाच हवं.

लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात रोज साधारण एक ते दीड लिटर पाणी उतरतं आणि मोठं आतडं त्यातलं बहुतेक परत शोषून घेतं. इलिओस्टॉमीत तो टप्पाच गळतो. बरं, नुसतं पाणी जात नाही, सोबत सोडियमही जातं, लिटरमागे साधारण 100 मिलिमोल म्हणजे जवळपास 6 ग्रॅम मीठ. शरीर हळूहळू सावरतं, आउटपुट म्हणजे पिशवीत जमा होणारं कमी होतं, पण सुरुवातीचे आठवडे नाजूक असतात.

आता लहान आतड्याच्या वरच्या भागाचं अस्तर असं झिरपणारं असतं की तिथे बिनमिठाचं पाणी आलं की रक्तातलं सोडियम उलट आतड्यात उतरतं आणि सोडियम जाईल तिकडे पाणी जातं. एरवी ते पुढे परत शोषलं जातं, पण आउटपुट खूप असेल तर सगळं थेट पिशवीत. म्हणून आउटपुट दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर जायला लागलं की साधं पाणी, चहा, ज्यूस जितका जास्त तितकी गळतीही जास्त, आणि अशा वेळी डॉक्टर साधं पाणी कमी करायला सांगतात ते ऐकून घरचे घाबरतात, पण कारण हे आहे.

उपाय म्हणजे मीठ आणि साखर एकत्र. आतड्याच्या पेशीवर एसजीएलटी1 नावाचं प्रोटीन असतं, ते ग्लुकोजचा एक रेणू सोडियमच्या दोन आयनांसोबतच आत घेतं, आणि मागोमाग पाणी येतं. ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्रागमधल्या परिषदेत मांडली आणि ओआरएस (पाण्यात विरघळवून प्यायची मीठ-साखरेची पावडर) याच तत्त्वावर चालतं. फक्त एक लक्षात ठेवा, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या ओआरएसमध्ये सोडियम लिटरला 75 मिलिमोल आहे आणि जास्त आउटपुटवाल्यांना बहुतेकदा 90 च्या आसपास लागतं, त्यामुळे स्वतःच्या मनाने पावडर कमीजास्त करू नका, डॉक्टरांना किंवा स्टोमा नर्सला विचारा, किडनी किंवा हार्टचा त्रास असेल तर नक्कीच.

मावशीच्या बाथरूममध्ये आता मापाचा जग आहे, पिशवी रिकामी केली की आकडा वहीत, आणि ओआरएस दिवसभर घोटघोट.