शक्तिपीठ महामार्ग आणि विदर्भातील भूसंपादनाचा वाद

शक्तिपीठ महामार्ग हा वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत मूळ आखणीत सुमारे ८०२ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग. माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर ही तीन देवीस्थाने जोडतो म्हणून हे नाव. विदर्भातले वर्धा आणि यवतमाळ हे दोन जिल्हे त्यात येतात. पवनारला विनोबांचा आश्रम आहे. जमीन मागून घ्यायची, हिसकावून नव्हे, ही त्यांची भूदानाची रीत (१९५१) इथल्या लोकांना अजून आठवते.

संपादन महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ खाली होते. राज्याच्या २०१८ मधील दुरुस्तीमुळे २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यातले सामाजिक परिणाम मूल्यांकन (संपादनाचा लोकांवर काय परिणाम होईल याची आधी तपासणी) त्याला लागत नाही, मोबदल्याच्या तरतुदी मात्र लागतात. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला. त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती मुख्यतः दराचीच लढाई उरते, आणि तीही सोपी नाही. दर रेडी रेकनर (सरकारने ठरवलेले जमिनीचे दर) आणि आसपासच्या नोंदणीकृत खरेदीखतांवरून निघतो. मुद्रांक शुल्क वाचवायला खतात रक्कम कमी दाखवण्याची जुनी सवय इथे उलटते. विहीर आहे, पण सातबाऱ्यावर नोंद नाही, तर ओलिताचे वावर कागदावर कोरडवाहूच राहते.

धर्माचा मुद्दा नावातून येतो. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती राज्यघटनेचे कलम २७ करू देत नाही. पण हज अनुदानाच्या खटल्यात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने कराचा लहानसा वाटा तसा खर्च झाला तर या कलमाचा भंग होत नाही, असे म्हटले. शिवाय रस्ता सर्वांनाच खुला असतो. त्यामुळे कायद्याच्या अंगाने नावावरचा आक्षेप फारसा टिकत नाही. राजकीय अंगाने तो खरा आहे. देवीचे नाव दिल्याने जमीन नाकारणारा देवीच्याच विरोधात उभा दिसतो, आणि हे अन्यायाचे आहे. यवतमाळच्या गावांतून नवरात्रात माहूरला जाणाऱ्यांतच जमीन न देणारेही असतात.

आंदोलन पेटल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये कोल्हापूरपुरती अधिसूचना रद्द झाली. वर्धा-यवतमाळमध्ये विरोधाची धार तेवढी नव्हती. सतत नापिकी आणि कर्ज सोसणाऱ्या काही कुटुंबांना एकरकमी मोबदला हवासा वाटतो, आणि त्यांना दोष देता येत नाही. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादन आणि संबंधित खर्चासाठी २०,७८७ कोटी रुपयांना मंजुरी दिली.

एक अडचण मोबदल्याच्या हिशेबात मावत नाही. द्रुतगती मार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण असते. वावर मधून चिरले गेले, की बैलबंडीला पलीकडच्या धुऱ्यावर जायला भुयारी वाट कुठे आहे, ते पाहावे लागते.