चिटणीस (महिला मंडळ)

महिला मंडळाचा पत्रव्यवहार, सभा आणि दप्तर सांभाळणाऱ्या पदाधिकारी स्त्रीला चिटणीस म्हणतात. काही मंडळांच्या घटनेत याच पदाला कार्यवाह किंवा सचिव म्हटलेले असते, काम तेच. पद निवडून दिले जाते आणि मानधन नसते. मुदत कागदावर एक ते पाच वर्षांची असली, तरी एकच बाई वीस-पंचवीस वर्षे चिटणीस राहणे महाराष्ट्रातल्या जुन्या मंडळांत सर्रास दिसते. यातल्या बऱ्याच जणी गृहिणी असतात. नोकरी केलेली असेल तर ती बहुधा कार्यालयातली, टंकलेखनाची किंवा कारकुनीची. अध्यक्षा बदलतात, कार्यक्रम बदलतात. मंडळ कायद्याच्या नजरेत जिवंत आहे की नाही, हे मात्र चिटणिसाच्या घरातल्या कपाटात ठेवलेल्या सहा-सात वह्यांवरून ठरते.

'चिटणीस' या शब्दातला '-णीस' म्हणजे फार्सी 'नवीस', लिहिणारा. फडणीस आणि जमेनीस हे त्याचेच भाऊबंद. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्यामुळे हे पद मराठी माणसाला इतिहासातून ठाऊक असते. स्त्रियांच्या सार्वजनिक संस्था मराठी मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभ्या राहू लागल्या. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला, रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन सुरू झाले आणि अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ मध्ये पुण्यातच भरले. विषयपत्रिका, सूचक-अनुमोदक, ठराव ही सभेची रीत अशा संस्थांमधून गावोगावच्या मंडळांपर्यंत आली. स्वातंत्र्यानंतर, १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. बालवाडी, शिवणवर्ग यांसाठी स्वयंसेवी संस्थांना अनुदान मिळू लागले आणि अनुदानाच्या अर्जाला नोंदणीचा दाखला, तपासलेले हिशेब व ठरावाची नक्कल जोडणे आले. हौसेची वही तेव्हापासून कामाची झाली.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्रातले नोंदणीकृत मंडळ बहुधा दोन कायद्यांखाली असते : संस्था नोंदणी अधिनियम, १८६० (यासाठी किमान सात सभासद लागतात) आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. दुसऱ्याचे काम धर्मादाय आयुक्तांकडे चालते. तिसरा आणि रोजच्या वापरातला कायदा म्हणजे मंडळाची स्वतःची घटना. सूचना किती दिवस आधी द्यायची, गणसंख्या (सभा भरायला लागणारी किमान उपस्थिती) किती, निवडणूक किती वर्षांनी, हे सारे तिथे लिहिलेले असते. नव्या चिटणिसाने पहिल्या आठवड्यात घटना वाचून या तीन गोष्टी एका कागदावर उतरवाव्यात आणि तो कागद इतिवृत्ताच्या पुस्तकात पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवावा. 'आपल्याकडे असेच चालते' हे उत्तर धर्मादाय कार्यालयात चालत नाही.

सभेची सूचना

सूचनेत सभा कोणती (कार्यकारिणीची, वार्षिक सर्वसाधारण की विशेष), वार, दिनांक, वेळ, स्थळ, क्रमवार विषय, जावक क्रमांक (बाहेर पाठवलेल्या पत्रांच्या नोंदीतला) आणि सही एवढे हवे. वार आणि दिनांक दोन्ही लिहायचे व दिनदर्शिकेवर जुळवून पाहायचे, 'बुधवार, दि. १२' असे लिहिले आणि १२ तारखेला गुरुवार निघाला, तर अर्ध्या जणी बुधवारी दारात उभ्या असतात आणि सूचना सदोष ठरते ती वेगळीच. घटनेत 'पूर्ण सात दिवस' असतील तर सूचना दिल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडून मोजावे.

सूचना पोचल्याचा पुरावा हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. पूर्वी त्यासाठी टपालाचे यूपीसी प्रमाणपत्र, म्हणजे पत्र टपालात टाकल्याचा दाखला, असे. टपाल खात्याने २०११ मध्ये ती सोय बंद केली. सर्वांत भक्कम पुरावा आजही सूचनावहीचाच. सूचनेची प्रत वहीत चिकटवायची, खाली सभासदांची नावे, समोर सही आणि तारीख. घरोघर वही फिरवायला दोन दुपारी जातात, पण पुढे कोणी 'मला कळवलेच नाही' म्हटले तर वही उघडता येते. व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकलेली सूचना घटनेत तशी तरतूद असेल तरच पुरेशी धरावी. तरतूद असली तरी संदेश तारखेसह छापून ठेवावा. फोन बदलला की तो जातो.

सभा बहुतेक मंडळे दुपारी चार ते सहा ठेवतात, दुपारची आवराआवर आणि संध्याकाळचा स्वयंपाक यांच्या मधे. म्हणून आर्थिक विषय आणि निवडणूक पत्रिकेत वर घ्यावी. साडेपाचनंतर माणसे उठू लागतात आणि नेमक्या महत्त्वाच्या ठरावाला गणसंख्या उरत नाही.

इतिवृत्त

सभेत काय ठरले याची अधिकृत नोंद म्हणजे इतिवृत्त. बोलण्यात त्याला 'प्रोसिडिंग' म्हणतात. कार्यकारिणीचे आणि सर्वसाधारण सभेचे पुस्तक वेगळे ठेवावे. पुस्तक पक्क्या बांधणीचे, पाने पहिल्या दिवशीच क्रमांक घातलेली. सभेत कच्च्या वहीत टिपणे घ्यायची आणि दोन-तीन दिवसांत, बोलणे ताजे असताना, पक्के लिहायचे. महिनाभर राहिले की 'अनुमोदन कोणी दिले होते गं?' असे फोन सुरू होतात.

उपस्थितीच्या सह्या सभा सुरू होण्यापूर्वी घ्याव्यात. शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारून 'एकूण उपस्थिती १९' असे लिहावे व तिथे अध्यक्षांची सही घ्यावी. ही रेघ नसली की मागून सह्या वाढवल्याचा संशय घेता येतो, आणि मंडळातले वाद पेटले की तो घेतलाच जातो. गणसंख्या भरली नाही तर 'गणसंख्येअभावी सभा तहकूब' एवढीच नोंद करून वेळ लिहावी. तहकूब सभा अर्ध्या तासाने घ्यायची की दुसऱ्या दिवशी, ते घटनेप्रमाणे. तहकूब सभेत नवा विषय घेऊ नये.

चर्चा लिहायची नाही, निर्णय लिहायचा. नवख्या चिटणिसाच्या हातून हमखास असे वाक्य उतरते : 'शिवणवर्गाच्या यंत्रांबाबत चर्चा झाली व सर्वांनी होकार दिला.' यावरून खजिनदार धनादेश फाडू शकत नाही आणि हिशेब तपासनीस खर्च मान्य करत नाही. तोच ठराव असा हवा :

'ठराव क्र. ४ : शिवणवर्गासाठी पायाने चालणारी दोन शिलाई यंत्रे, एकूण रु. १८,००० पर्यंत, किमान तीन दरपत्रके मागवून खरेदी करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. दरपत्रके मागवण्याचे व खरेदीचे अधिकार चिटणीस व खजिनदार यांना देण्यात येत आहेत. खरेदी ३१ ऑगस्टपूर्वी करावी. सूचक : (पूर्ण नाव). अनुमोदक : (पूर्ण नाव). ठराव सर्वानुमते मंजूर.'

काय, किती, कोणी, कधीपर्यंत, कोणी मांडले, कोणी दुजोरा दिला आणि कसे मंजूर झाले, या सातांपैकी एक जरी सुटले तरी ठराव लंगडा. विरोध झाला असेल तर 'सर्वानुमते' लिहू नये. 'बहुमताने मंजूर, बाजूने १४, विरुद्ध ३, तटस्थ २' असे आकडे द्यावेत. विरोध करणाऱ्या सभासदाने नाव नोंदवायला सांगितले तर ते नोंदवावे. मैत्रीखातर ते गाळणे हा चिटणिसाच्या हातून होणारा सर्वांत मोठा अन्याय.

पुढच्या सभेत 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा विषय पहिला असतो. कायम करणे म्हणजे लिहिलेले बरोबर आहे असे मान्य करणे; तो निर्णय पुन्हा चर्चेला काढणे नव्हे. हे न कळल्यामुळे कित्येक सभांचा पहिला पाऊण तास जातो. चूक आढळली तर एका रेघेने खोडून, वर दुरुस्ती लिहून, समासात अध्यक्ष व चिटणिसाची छोटी सही. पांढरा रंग लावू नये, पान फाडू नये, दोन सभांच्या मधे कोरी जागा सोडू नये. संगणकावर छापलेली पाने चिकटवायची असतील तर प्रत्येक पानाच्या कडेवर, अर्धा कागदावर आणि अर्धा पुस्तकावर येईल असा, शिक्का व सही हवी.

नावे

मंडळात बाई ओळखली जाते ती काकू, वहिनी, ताई म्हणून. दप्तरात मात्र स्वतःचे, पतीचे किंवा वडिलांचे आणि आडनाव असे पूर्ण नाव लागते, आणि तेही ओळखपत्रावर आहे तसेच. लग्नात बदललेले नाव, माहेरचे आडनाव पुन्हा लावणे, 'सौ.' जाऊन 'श्रीमती' येणे यांमुळे एकच सभासद तीन कागदांवर तीन नावांनी दिसते आणि बँक सही नाकारते. सभासद नोंदवहीत पूर्वीच्या नावासाठी एक जादा रकाना आखला की प्रश्न सुटतो. सर्वांना सरसकट 'श्रीमती' लिहिणारी मंडळे आता वाढली आहेत आणि ते योग्यच आहे. वहीने बाईचे वैधव्य जाहीर करण्याचे काही कारण नाही.

बदल अर्ज

निवडणूक झाली, राजीनामा आला किंवा विश्वस्त म्हणून नोंदलेली सभासद निधन पावली, की त्या बदलाची खबर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला द्यावी लागते. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खालचा हा अर्ज. सगळे त्याला 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. सोबत सभेची सूचना, ती पोचल्याचा पुरावा, उपस्थिती, इतिवृत्ताची खरी नक्कल, नव्या सदस्यांची संमतिपत्रे, असल्यास राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले जोडावे लागतात. बदल मान्य झाला की शेड्युल वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नवी नावे चढतात, आणि बँक, अनुदान देणारे कार्यालय, सगळे तोच उतारा मागतात.

जुनी मंडळे अडकतात ती इथेच. पाच-सहा निवडणुका होऊन गेल्या, अर्ज एकदाही केला नाही. उताऱ्यावर अजून संस्थापक सभासद, त्यातल्या निम्म्या हयात नाहीत. मग मधला प्रत्येक बदल क्रमाने दाखवत, विलंबमाफी मागत यावे लागते, आणि त्यासाठी लागणारी सूचनावही बहुधा एखाद्या घरबदलीत रद्दीत गेलेली असते. निवडणुकीच्या दिवशीच संमतिपत्रांवर सह्या घेऊन ठेवणे हा यावरचा साधा उपाय. नंतर सही मागायला गेले की कोणी मुलाकडे परगावी गेलेली असते.

दप्तर आणि हस्तांतरण

हिशेब खजिनदाराकडे असले तरी ३१ मार्चनंतर ताळेबंद आणि जमाखर्च वेळेवर तपासनिसाकडे गेले की नाही, हे चिटणिसाने पाहावे. बाकीचे दप्तर चिटणिसाचे : आवक-जावक, सभासद नोंदवही, सूचनावही, दोन इतिवृत्ते, वापरलेल्या व कोऱ्या पावतीपुस्तकांची यादी आणि डेडस्टॉक, म्हणजे मंडळाच्या टिकाऊ सामानाची वही. शेवटची वही किरकोळ वाटते, पण मंडळातली सर्वाधिक कुरबुर तिच्यावरूनच होते. मोठी पातेली, सतरंज्या, पेटी सभासदांच्या घरच्या कार्याला जातात आणि अपुरी परत येतात. पातेले आणि झाकण या दोन वेगळ्या वस्तू म्हणून लिहाव्यात. 'झाकणासह पातेले, नग २' लिहिले की झाकण हरवल्याचे कळायला पुढची कोजागिरी उजाडते.

पद सोडताना यादी करून, दोन प्रतींवर दोघींच्या सह्या घेऊन दप्तर द्यावे. यादीत प्रत्येक पुस्तकाचे पहिले व शेवटचे पान, कोरी पावतीपुस्तके क्रमांकासह, शिक्के आणि किल्ल्या आल्या पाहिजेत. ईमेलचे आणि ऑनलाइन अर्जाचे परवलीचे शब्द अलीकडे यादीत घालावे लागतात. ते मावळत्या चिटणिसाच्या खासगी फोनक्रमांकाला जोडलेले असतील तर आधी तो क्रमांक बदलून घ्यावा.

शोकठराव

सभासद निधन पावल्यास पुढील सभेत, इतर सर्व विषयांच्या आधी, शोकठराव मांडतात. त्याला सूचक-अनुमोदक नसतात. तो अध्यक्षांकडून मांडला जातो आणि सर्वजणी उभ्या राहून दोन मिनिटे स्तब्ध राहतात. नक्कल आठ दिवसांत घरी पोचवायची, शक्यतो हाताने. 'प्रेमळ, मनमिळाऊ व हसतमुख' एवढ्यावर भागवलेला ठराव कोणालाही लागू पडतो. त्यात पूर्ण नाव, सभासद झाल्याचे वर्ष, भूषवलेली पदे आणि निदान एक नेमके काम यावे : ग्रंथालयाची सूची त्यांनी हाताने केली, बालवाडीचा खाऊ अकरा वर्षे त्यांच्या घरून शिजून आला, असे. घरच्यांना यातले पुष्कळ ठाऊक नसते. दुपारी चार वाजता आई कुठे जात असे, हे मुलांना त्या कागदावरून कळते.

चिटणीस राहिलेली बाई गेली, तर तिचा ठराव लिहिणारीला तिचीच इतिवृत्ते काढावी लागतात. निवडीचा ठराव कोणत्या सभेतला, कोणत्या पानापासून अक्षर बदलले, शेवटची सही कोणत्या तारखेची, हे पाहून वर्षे मोजायची आणि पानांचे क्रमांक ठरावाच्या समासात लिहून ठेवायचे.