गीझर नेमका कधी बंद करायचा?

जानेवारीत सोसायटीच्या आवारात दोन माणसं भेटली की ही तक्रार हमखास ऐकू येते: पंखे बंद, एसी बंद, तरी वीजबिल उन्हाळ्याएवढंच, कधी त्याहूनही जास्त. संशय लगेच मीटरवर जातो, हल्ली स्मार्ट मीटरवर. मीटर तपासून घ्यायचा हक्क ग्राहकाला आहे आणि शंका असेल तर तो जरूर बजावावा. पण त्याआधी बाथरूममधल्या गीझरचा हिशोब मांडून पाहावा. शाळेत शिकलेल्या विज्ञानापलीकडे त्याला फारसं काही लागत नाही.

एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात. विजेचं एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. पुण्या-नाशिककडे थंडीतल्या सकाळी नळाचं पाणी १८ अंशांचं आहे आणि आंघोळीला ४० अंशांचं हवं आहे असं धरू. वीस लिटरच्या एका बादलीला २० × ४.१८६ × २२, म्हणजे सुमारे १८४० किलोज्यूल लागले. अर्धं युनिट. मे महिन्यात तेच पाणी ३० अंशांचं येतं, तेव्हा पाव युनिटही लागत नाही. चार माणसांच्या घरात थंडीत रोज दोन युनिटं, महिन्याला साठ. बंद पडलेल्या तीन पंख्यांनी जेवढं वाचवलं, साधारण तेवढंच. आणि हे बादलीचं गणित झालं. शॉवरमधून मिनिटाला आठ लिटर पाणी येत असेल आणि दहा मिनिटं अंगावर घेतलं, तर एकाच माणसाची दोन युनिटं होतात.

शिवाय ही युनिटं बिलात सर्वांत वर जाऊन बसतात. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढे आणखी चढता. फ्रिज, दिवे, टीव्ही खालचे टप्पे भरून टाकतात आणि गीझरची जास्तीची युनिटं महागड्या टप्प्यात मोजली जातात.

‘आमचा गीझर तीन किलोवॅटचा, म्हणून बिल जास्त’ हा समज मात्र सोडून द्यावा. तीन किलोवॅटच्या गीझरला बादलीसाठी दहा मिनिटं लागतील, दीड किलोवॅटच्या रॉडला वीस. दोघांचंही अर्धंच युनिट. वॅट फक्त वेग सांगतात. बिल ठरतं किती लिटर पाणी किती अंशांनी तापवलं यावर.

विजेची कॉइल पाण्यात बुडालेली असते आणि तिच्यात शिरलेल्या विजेची जवळजवळ सगळी उष्णता होऊन पाण्यातच जाते. कार्यक्षमता जवळपास शंभर टक्के, तेव्हा कॉइलमध्ये सुधारणेला जागाच उरत नाही. बोअरच्या पाण्याचा क्षार कॉइलवर चढला की ती आतून जास्त तापते आणि लवकर जळते, म्हणून तो काढावा. पण त्याने बिल फारसं वाढत नाही, कारण उष्णतेला पाण्याशिवाय जायला दुसरी वाट नसते. आणि म्हणूनच प्लगमध्ये लावायच्या ‘पॉवर सेव्हर’ डब्यांवर एक रुपयाही घालवू नये. त्यांत सहसा एक कपॅसिटर आणि एक लुकलुकता दिवा असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते ते प्रमाण) सुधारतो हे खरं, पण कॉइलचा पॉवर फॅक्टर मुळातच एक असतो आणि घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेल्या ऊर्जेचीच युनिटं मोजतो. ‘बिल चाळीस टक्क्यांनी उतरेल’ असं सांगून हे डबे विकणं ही लोकांची फसवणूक आहे, आणि ती थंडीत, लोक बिलाने हैराण असताना जोरात चालते.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. ते म्हणजे उष्णतेची गळती.

‘गीझर सतत चालू ठेवला तर वीज कमी लागते, कारण गार पाणी पुन्हा पहिल्यापासून तापवावं लागत नाही’ असं पुष्कळ जण ठामपणे सांगतात. ऐकायला पटतं, पण ते चूक आहे. का, ते न्यूटनने १७०१ साली मांडलेल्या शीतनाच्या नियमात सापडतं. तापलेली वस्तू भोवतालापेक्षा जितकी जास्त गरम, तितक्या वेगाने तिची उष्णता बाहेर पडते. तळाशी भोक असलेल्या घागरीचं असंच असतं: पातळी वर असताना धार जोरात, पातळी उतरली की मंद. घागर सतत काठोकाठ भरलेली ठेवली, तर दिवसभरात जास्तीत जास्त पाणी वाहून जातं. पुन्हा भरताना फक्त गेलेलं पाणीच भरायचं असतं, त्यामुळे ‘पहिल्यापासून भरण्याचा’ वेगळा दंड काही बसत नाही.

टाकीवाल्या गीझरवरचे स्टारही या गळतीसाठीच असतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची चाचणी पाण्यात आणि बाहेरच्या हवेत ४५ अंशांचा फरक राखून चोवीस तासांत किती युनिटं नुसती निसटतात ते मोजते. जितके स्टार जास्त, तितकं टाकीभोवतीचं पफचं (उष्णतारोधक फोमचं) आवरण चांगलं.

समजा, २५ लिटरचा गीझर आहे, गळती दिवसाला ०.८ युनिट, पाणी ६५ अंशांवर आणि बाथरूम २० अंशांवर. रात्रीचे दहा तास तो चालू राहिला तर ०.३३ युनिट गळतं. त्याऐवजी तापलेल्या अवस्थेत बटण बंद केलं, तर पाणी हळूहळू उतरत सकाळी ५५ अंशांच्या आसपास येतं आणि तोवर ०.३० युनिट गळलेलं असतं. बंद ठेवणं जिंकलं, न्यूटन बरोबर ठरला, पण फायदा किती? तीन-चार शतांश युनिट. तापलेल्या टाकीचं बटण बंद करून फारसं काही वाचत नाही, कारण उष्णता तर आत बसलेलीच आहे आणि ती गळतच राहते.

मग वाचतं कुठे? घागर मुळात भरलीच नाही तर. गीझरमध्ये गार पाणी तळाशी शिरतं आणि वर तरंगणाऱ्या गरम पाण्याला बाहेर ढकलतं. आंघोळ सुरू असताना बटण चालू असेल, तर आत आलेलं हे गार पाणी थर्मोस्टॅटला (तापमान पाहून वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचला) जाणवतं आणि कॉइल लगेच कामाला लागते. आपण अंग पुसेपर्यंत आणि त्यानंतरही गीझर अशा पाण्याला तापवत राहतो जे आज कोणीच वापरणार नाही. २५ लिटर पाणी १८ वरून ६५ अंशांवर न्यायला जवळजवळ १.४ युनिट लागतं. ते तापल्यावर बटण बंद केलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यातलं सुमारे ०.६ युनिट भिंतीपलीकडे गेलेलं असतं. चालूच ठेवलं तर ०.८ जातं. आणि आंघोळीला बसण्याआधीच बंद केलं, तर टाकीत उरतं कोमट पाणी, ज्याची गळती नगण्य असते.

म्हणजे दिवसाला अर्धं ते पाऊण युनिट, महिन्याला पंधरा-वीस युनिटं, फक्त बटण कधी दाबलं यावर. पाणी पुरेसं तापलं असेल, तर शेवटच्या माणसाने आंघोळीला जाताना बटण बंद करून जावं, आंघोळ झाल्यावर नव्हे. बाथरूममध्ये ओल्या अंगाला विजेचा शॉक बसू नये म्हणूनही ही सवय चांगली.

थर्मोस्टॅटचंही गणित याच नियमातून येतं. ६५ ऐवजी ५० अंश ठेवले की फरक ४५ वरून ३० अंशांवर येतो आणि गळती एक-तृतीयांशाने घटते. मात्र बेताने. कोमट, साचलेल्या पाण्यात लीजिओनेला नावाचे, न्यूमोनिया करणारे जिवाणू वाढू शकतात. गावाहून परतल्यावर किंवा गीझर बरेच दिवस न वापरता राहिला असेल, तर एकदा पूर्ण टाकी ६० अंशांच्या वर तापवून घ्यावी. घरात म्हातारी माणसं असतील तर याकडे नक्की लक्ष द्यावं.

पाणी कुठल्या तापमानाला गीझरमध्ये येतं याकडे फार कमी लोक पाहतात. हिवाळ्यातलं कोरडं, निरभ्र आकाश रात्री गच्चीवरच्या टाकीची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात शोषून नेतं, कारण ती परत पाठवायला हवेत बाष्प कमी असतं. पहाटे टाकीतलं पाणी सर्वांत गार, आणि दिवसभर ऊन खाल्लेलं संध्याकाळचं पाणी पाच-सात अंशांनी उबदार असू शकतं. बावीस अंशांच्या गरजेतले सहा अंश उन्हाने दिले, तर बिलातला चतुर्थांशाहून जास्त भाग गेला. जे संध्याकाळी आंघोळ करू शकतात त्यांनी करावी. स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर दरात सवलतही मिळते. पाचच्या आत तापवलेलं पाणी चांगल्या आवरणाच्या टाकीत रात्री आठपर्यंत तीन-चार अंशच उतरतं.

वीज सोडून गॅसकडे वळायचं असेल, तर १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटं उष्णता असते. गॅस गीझरमध्ये त्यातली १४५ च्या आसपास पाण्याला मिळते. सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागा आणि आपल्या वरच्या टप्प्याच्या युनिटदराशी ताडून पाहा. पण गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत कधीही लावू नका. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि महाराष्ट्रात दर हिवाळ्यात त्याने माणसं जातात.

गच्ची हाताशी असेल तर सोलर हे सर्वांत सरळ उत्तर आहे. आपल्याकडे डिसेंबरचं आकाश स्वच्छ असतं आणि दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलला ऊन भरपूर मिळतं. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर मात्र गरम पाणी येण्याआधी नळीतलं गार पाणी बादलीभर सोडावं लागतं. ते फेकू नये, एवढंच.

गच्ची नसलेल्यांसाठी हीट पंप आहे. तो उष्णता निर्माण न करता हवेतली उष्णता उचलून पाण्यात नेऊन ठेवतो. फ्रिज हेच करतो, फक्त आपल्याला तिथे आतला गारवा हवा असतो. कार्नोने १८२४ साली उष्णतेच्या यंत्रांना जी मर्यादा दाखवली तीच इथेही लागू होते. २० अंशांच्या हवेतून ५५ अंशांच्या पाण्यात उष्णता नेताना एका युनिट विजेमागे जास्तीत जास्त ३२८ भागिले ३५, म्हणजे नऊ युनिटांहून थोडी जास्त उष्णता मिळू शकते (३२८ म्हणजे ५५ अंश केल्विनमध्ये, ५५ + २७३; ३५ हा हवा आणि पाणी यांतला फरक). प्रत्यक्ष यंत्रं साधारण तीन देतात, तरीही कॉइलच्या तिप्पट. यंत्र महाग आहे, जागा खातं आणि शंभर लिटर पाणी तापवायला त्याला काही तास लागतात, म्हणून ते मोठ्या कुटुंबाला किंवा वसतिगृहालाच लवकर परवडतं. हवा आणि पाणी यांतला फरक जितका कमी, तितका त्याचा परतावा जास्त. दुपारी हवा ३० अंशांवर गेली की ३५ च्या जागी २५ येतात आणि मर्यादा तेरावर जाते. म्हणून हीट पंप घेतलाच, तर त्याचा टायमर पहाटेला न लावता दुपारी एकला लावावा.