मेरिनो थर्मल: स्पेनच्या कुरणापासून आपल्या सॅकपर्यंत

हिमालयातल्या ट्रेकच्या सामानयादीत हल्ली ‘मेरिनो बेस लेयर’, म्हणजे मेरिनो मेंढीच्या लोकरीचा अंगालगतचा कपडा, हमखास असतो. दुकानात किंमत बघितली की साधं पॉलिस्टरचं थर्मल काय वाईट, असं वाटतंच. लोकर थेट अंगाला लावायची ही टूम मात्र नवी नाही. मधली काही दशकं ती मागे पडली होती, आणि ती का पडली हे कळलं की लेबलवरच्या बारीकसारीक सूचनाही कळू लागतात.

मेरिनो मूळची स्पेनची. तिथल्या मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघटनेला 1273 मध्ये राजाश्रय मिळाला. हे कळप उन्हाळ्यात डोंगरात आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या कुरणांत असे शेकडो किलोमीटर फिरत. लोकर बाहेर विकायची, मेंढी मात्र द्यायची नाही, असा स्पेनचा खाक्या होता. अठराव्या शतकात ही मक्तेदारी फुटली, तीही राजघराण्यांच्या नात्यागोत्यातून. 1765 मध्ये मेरिनो जर्मनीतल्या सॅक्सनीला गेल्या, 1786 मध्ये फ्रान्समधल्या राम्बुयेला. 1797 मध्ये केप ऑफ गुड होपहून मूठभर मेंढ्या सिडनीला उतरल्या आणि ऑस्ट्रेलियाचं नशीब पालटलं. जाता जाता आपल्या घरची गोष्ट: ऑस्ट्रेलियातल्या ‘बुरुला’ मेरिनोंना जुळी-तिळी होतात. त्यामागचं जनुक 1790 च्या दशकात बंगालहून तिकडे गेलेल्या मेंढ्यांचं असावं, असं मानतात. फलटणच्या निंबकर संस्थेनं तेच जनुक सुंदरबनच्या गरोळ मेंढ्यांकडून आपल्या दख्खनी मेंढीत आणलं.

अंतर्वस्त्र लोकरीचंच हवं हा आग्रह श्टुटगार्टच्या गुस्ताफ येगर या प्राणिशास्त्रज्ञाचा. कापूस-तागासारखे वनस्पतीजन्य धागे शरीरातली घाण धरून ठेवतात, प्राण्यांचा धागा ती बाहेर जाऊ देतो, असं त्यांचं म्हणणं. शास्त्र बरंचसं बिनबुडाचं होतं, पण धंदा जोरात चालला. 1884 मध्ये लंडनमध्ये त्यांच्या नावानं कंपनी निघाली, नाटककार बर्नार्ड शॉ त्यांचा लोकरी सूट घालून हिंडले, आणि अंटार्क्टिकाच्या मोहिमांनीही हे कपडे नेले. गंमत अशी की घामाबद्दल येगर अगदीच चुकले नव्हते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. ते शोषताना थोडी ऊबही देते.

तरीही 1970 च्या दशकात तिला प्लॅस्टिकनं हरवलं. नॉर्वेच्या हेली हॅन्सन कंपनीनं पॉलिप्रॉपिलीनचं अंतर्वस्त्र आणलं, 1985 मध्ये पॅटागोनिया या अमेरिकी कंपनीचं ‘कॅपिलीन’ हे पॉलिस्टरचं कापड आलं. हलकं, झटपट वाळणारं, कसंही धुवा. लोकर खाजायची आणि धुतली की आटायची, कोण घालणार? पण प्लॅस्टिकची एक खोड होती. घामाचं तेल त्यावर बसतं, आणि दोन दिवसांत तंबूतल्या जोडीदाराला तोंड फिरवावं लागतं. लोकर दुर्गंधीचे रेणू धाग्याच्या आत ओढून धरते.

परतीचा रस्ता न्यूझीलंडनं आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडोनं दाखवला. 1994 च्या सुमारास एका शेतकऱ्यानं दाखवलेल्या मेरिनो बनियनवरून न्यूझीलंडच्या जेरेमी मून यांनी आइसब्रेकर ही कंपनी काढली. त्याच सुमारास कोलोरॅडोतल्या स्टीमबोट स्प्रिंग्जला स्की शिकवणाऱ्या एका जोडप्यानं मोज्यांपासून स्मार्टवूल ही कंपनी सुरू केली. आज दोन्ही एकाच अमेरिकी समूहाच्या ताब्यात आहेत. दोघांनी दोन जुनी दुखणी टाळली. पहिलं खाज. साधारण 30 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं वाकत नाहीत, कातडीला टोचतात. दख्खनी लोकरीचं घोंगडं म्हणूनच सदऱ्यावरून पांघरायचं. अंगालगतच्या कपड्याला 18-19 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक लोकर हवी, म्हणून लेबलवर हा आकडा आधी शोधावा. दुसरं आटणं. तंतूवरचे खवले गरम पाण्यात घुसळले की एकमेकांत अडकतात. ‘सुपरवॉश’ प्रक्रियेत क्लोरीननं खवले बोथट करून वर राळेचा पातळ थर देतात. क्लोरीन पर्यावरणाला बरं नाही, हे खरंच.

निवडताना अजून दोन गोष्टी. 150 जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला 150 ग्रॅम वजनाचं) कापड चालताना छान, पण सॅकच्या पट्ट्याखाली लवकर विरतं. थोडं नायलॉन मिसळलेलं असेल तर नाक मुरडू नये. थंड मुक्कामाला 200-250 जीएसएम घ्यावं. आणि ‘म्यूलसिंग’ न केलेली लोकर आहे का ते बघावं. माशांच्या अळ्या पडू नयेत म्हणून मेंढीच्या शेपटीजवळची कातडी कापून काढायची ही ऑस्ट्रेलियातली रीत. न्यूझीलंडनं 2018 मध्ये तिच्यावर बंदी घातली.

निगेचं म्हणाल तर कमीच धुवावं. रात्री वाऱ्यावर टाकलं तरी वास बराच उतरतो. धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण; आपला रिठा उत्तम. एन्झाइमवाली पावडर टाळावी, कारण प्रथिनांचे डाग खाणारं एन्झाइम लोकरही खातं, तीही प्रथिनच. सॉफ्टनर नको, पिळू नये, आडवं पसरून सावलीत वाळवावं. मोसम संपल्यावर न धुता कपाटात ठेवलंत तर कसर आधी काखेच्या घामट जागा गाठेल, म्हणून धुऊन, खडखडीत वाळवून, हवाबंद पिशवीत घालावं.