रोप रेस्क्यूचा प्रशिक्षक : माणूस पाठवण्याआधी एवढं वाचा

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आमचा माणूस बारा वर्षं हेच काम करतोय. टाकीतून, चिमणीवरून लोकांना उतरवलंय त्यानं. त्याला पाच दिवस कशाला बसवता? परीक्षा घ्या आणि सर्टिफिकेट देऊन टाका." ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन जवळ आला की असे फोन वाढतात. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा छापून हातात दिलेलं बरं.

दोरानं माणसं सोडवण्याचं काम करणाऱ्या अनुभवी माणसाला ते इतरांना शिकवणारा प्रशिक्षक बनवायचं, त्यासाठी हा कोर्स. यात आम्ही नवीन तंत्र शिकवत नाही. फिगर ऑफ एट आणि प्रुसिक या गाठी, ओढ तिप्पट करणारी तीनास एक पुली, मुख्य दोर आणि बॅकअप दोर, कडेवरून स्ट्रेचर वळवणं हे सगळं येतं असं धरूनच सुरुवात होते. उजळणी हवी असेल तर तिचा वेगळा वर्ग आहे, तो आधी करून घ्या. इथं एकासाठी गाठी पक्क्या करत बसलो तर बाकीच्यांचे पैसे वाया जातात.

मग पाच दिवस जातात कशात? बरेचसे एकाच गोष्टीत: अनुभवी माणसाचे हात आवरण्यात.

समोर नवखा मुलगा अँकरला, म्हणजे दोर जिथं बांधतात त्या आधाराला, गाठ मारत असतो. दोन पेड एकमेकांवर चढलेले, शेपूट जेमतेम चार बोटं. आपला अनुभवी गडी दोन सेकंद बघतो, "अरे, असं नाही रे" म्हणत दोर ओढून घेतो, गाठ सोडतो आणि झटक्यात नवी मारून देतो. गाठ उत्तम. पण मुलाला कळलं काय? सरांना येतं, एवढंच. पुढच्या वेळी तो पुन्हा तशीच गाठ मारतो आणि मान वर करून सरांकडे बघतो. मुलीची पोळी वाकडी होतेय हे न बघवून आई लाटणं काढून घेते ना, तसंच हे. फरक इतकाच की इथं पोळीच्या जागी माणूस लटकणार असतो.

शिकवायची पद्धत आम्ही चार टप्प्यांची ठेवली आहे. आधी न बोलता, नेहमीच्या वेगात करून दाखवायचं. मग सावकाश, सांगत सांगत. तिसऱ्या टप्प्यात शिकणाऱ्यानं सांगायचं आणि प्रशिक्षकानं फक्त त्याच्या सांगण्याप्रमाणे करायचं. चौथ्यात शिकणारा स्वतः करतो आणि बोलतो. कसलेले लोक अडकतात ते तिसऱ्यात. मुलगा चुकीचं सांगतो, पण सरांचे हात बरोबर तेच करतात, कारण हातांना दुसरं काही येतच नाही. चूक झाकली जाते आणि चौथ्या टप्प्यात दुप्पट होऊन बाहेर येते.

"पण जिवाशी खेळ आहे, चूक होऊ कशी द्यायची?" हा प्रश्न रास्त आहे आणि कोर्सचा गाभाही तोच आहे. जमिनीवर, दोरावर भार नसताना पेड चढले असतील तर थांबायचं आणि विचारायचं, "तूच तपासून सांग, यावर तू लटकशील का?" याउलट कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू उघडा आहे आणि मुलगा कडेकडे निघालाय, तिथं प्रश्नबिश्न नाही, "थांब!" स्क्रू लावलेला नसला की गेट, म्हणजे कडीचं तोंड, उघडू शकतं, आणि ते उघडं राहिलं की कॅराबिनरची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. या दोन टोकांच्या मधलं तारतम्य पुस्तकातून येत नाही. आम्ही मुद्दाम चुका पेरतो, उमेदवाराला हात पाठीमागे बांधून उभं करतो आणि ठरवायला लावतो: थांबवायचं, विचारायचं की बघत राहायचं.

सांगण्याचंही तसंच. दोन अँकरमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक अँकरवर पूर्ण भार येतो, हे फळ्यावर लिहून कोणाच्या डोक्यात शिरत नाही. दोघांच्या हातात दोराची एकेक टोकं द्या, मधोमध दहा किलोची पाण्याची बादली अडकवा आणि त्यांना हळूहळू एकमेकांपासून लांब जायला सांगा. ६० अंशाला प्रत्येकाच्या हातात पावणेसहा-सहा किलोची ओढ असते, १२० अंशाला दहा. त्याच्यापुढे गेलं की दोघंही कुरकुरायला लागतात. मग सूत्र सांगा, नाही सांगितलंत तरी चालेल.

सरावासाठी आम्ही खरे नवखे लोक आणतो आणि त्यांना दिवसाचा मोबदला देतो. शुल्क थोडं जास्त वाटतं ते यामुळे. उमेदवारांनी एकमेकांनाच शिकवलं तर समोरच्याला उत्तर आधीच माहीत असतं, त्यात कस लागत नाही. वडोद्याजवळच्या नंदेसरीच्या प्लांटमध्ये दाहोदचा मुलगाही असतो आणि बिहारचाही, तेव्हा बोलायचं ज्याला जे कळेल त्या भाषेत. शिट्टी मात्र सगळ्यांना एकच: एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली.

सर्टिफिकेट पाचव्या दिवशी मिळत नाही, यावर काहीजण नाराज होतात. आपल्या माणसानं आपल्याच कारखान्यात एक पूर्ण बॅच घ्यायची, आमचा माणूस मागे बसून बघणार, त्यानंतर सर्टिफिकेट. या भेटीचे वेगळे पैसे नाहीत. वडोद्याजवळ जरोदला एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) सहावी बटालियन आहे, मोठ्या आपत्तीत ती येतेच. पण टाकीत बेशुद्ध पडलेल्याला पहिल्या काही मिनिटांत काढायचं ते आपल्याच लोकांनी, आणि त्यांना तयार करणार हा माणूस. म्हणून घाई करत नाही.

कोणाला पाठवायचं? सगळ्यात चपळ गडी लागतोच असं नाही. अडलं की नवी पोरं ज्याच्याकडे जातात, तो पाठवा. दोघं पाठवलेत तर दुसऱ्याच्या शुल्कात सवलत देतो, आणि उद्या एकानं नोकरी सोडली तरी आपलं अडत नाही. येण्याआधी त्याच्याकडून एकच गृहपाठ करून घ्या: कधीही दोर न धरलेल्या एकाला, दोराला हात न लावता, फिगर ऑफ एट शिकवायची. एवढं करून आलेल्यांचा पहिला अर्धा दिवस वाचतो.

हार्नेस, हेल्मेट, हातमोजे स्वतःचे आणावेत. प्लांटमधले दोर आणू नका. नायलॉनला आम्लानं इजा होते आणि ती वरून दिसेलच असं नाही. पॉलिएस्टरला तसाच कॉस्टिकचा, म्हणजे तीव्र अल्कलीचा, त्रास. सरावाला दोर आमचेच वापरतो. आपले तपासून हवे असतील तर वडोद्यातल्या आमच्या मकरपुऱ्याच्या शेडवर आणून द्या, त्याचा दर वेगळा आहे.

एका बॅचला आठच जण घेतो. उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू करून अकराला दोरावरचं काम थांबवतो, बाकीचं आत बसून. उत्तरायणाच्या दोन दिवसांत आणि नवरात्रात बॅच नसते. रात्रभर गरबा खेळून सकाळी दोरावर कोणाला चढवायची आमची तयारी नाही. सुरक्षा दिनाच्या आधी सर्टिफिकेट हातात हवं असेल तर डिसेंबरातच नाव नोंदवा, कारण कारखान्यातली बॅच धरून सगळं पुरं व्हायला तेवढा अवधी लागतोच.