परवडणारे घर

परवडणारे घर : घरभाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता दिल्यानंतर अन्न, औषधपाणी, शिक्षण, प्रवास इत्यादी गरजा भागवण्यापुरते उत्पन्न कुटुंबाच्या हाती उरते, असे घर. ही संज्ञा घराच्या गुणाची नसून घराचा खर्च व राहणाऱ्याचे उत्पन्न यांच्या नात्याची आहे. त्यामुळे तेच घर एकाला परवडते, दुसऱ्याला परवडत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बऱ्याच औद्योगिक देशांत हे नाते नव्याने कमावू लागलेल्यांच्या बाबतीत अधिक बिघडत गेले. म्हणून संकल्पनेचा विचार आज प्रामुख्याने विशी-तिशीतल्या पिढीच्या राहणीखर्चाच्या संदर्भात होतो.

उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंतचा घरखर्च परवडणारा, ही सर्वांत रूढ कसोटी होय. तिचा उगम वादग्रस्त आहे. ‘आठवड्याची मजुरी म्हणजे महिन्याचे भाडे’ असा आडाखा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचलित असावा. वर्षाचे ५२ आठवडे आणि १२ महिने धरले, तर हे प्रमाण सुमारे २३ टक्के येते. काही लेखक कसोटीचे मूळ एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाच्या १८५७ मधील अभ्यासात शोधतात. (घरांच्या प्रश्नावर १८७२ मध्ये लेखमाला लिहिणारे फ्रीड्रिख एंगेल्स ते वेगळे.) एंगेलने बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून दाखवले ते एवढेच, की उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो. घरखर्चाचा वाटा मात्र सर्व उत्पन्नगटांत सारखाच राहतो, हा ‘नियम’ अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ कॅरल राइट यांनी १८७५ च्या मॅसॅचूसेट्समधील अहवालात एंगेलच्या नावावर घातला आणि पुढे तो तसाच उतरत गेला. बर्लिनचे संख्याशास्त्रज्ञ हेर्मान श्वाबे यांनी १८६८ मध्येच याच्या उलट निष्कर्ष मांडला होता : माणूस जितका गरीब, तितका त्याच्या उत्पन्नातला भाड्याचा वाटा मोठा. नंतरच्या आकडेवारीशी श्वाबे यांचे म्हणणे अधिक जुळते. तसे असेल तर सर्वांना एकच टक्केवारी लावण्याचा पायाच डळमळीत ठरतो.

कायद्यातील टक्केवारीचा प्रवास याहून स्पष्ट आहे. अमेरिकेच्या १९३७ च्या गृहनिर्माण कायद्याने सार्वजनिक घरांसाठी कुटुंबाचे उत्पन्न सर्वसाधारणपणे भाड्याच्या पाचपटीपेक्षा जास्त नसावे, अशी अट घातली. म्हणजे प्रमाण सुमारे २० टक्के. सेनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या १९६९ च्या दुरुस्तीने या घरांतील भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून अधिक भाडे घेण्यास मनाई केली. १९८१ मध्ये सरकारी खर्च आवरण्याच्या ओघात ही मर्यादा ३० टक्के झाली. ब्रुक यांची मर्यादा भाडेकरूच्या संरक्षणासाठी होती, १९८१ ची वाढ तिजोरीसाठी. कुटुंबाला जगायला किती लागते याचे गणित ३० या आकड्यामागे नव्हते. तरीही हाच आकडा पुढे इतर देशांत आणि बँकांच्या कर्जनिकषांत शास्त्रीय मर्यादेच्या थाटात वावरू लागला. यूरोपीय संघाची सांख्यिकी संस्था यूरोस्टॅट ४० टक्क्यांवरील खर्चाला ‘अतिभार’ म्हणते. ऑस्ट्रेलियात उत्पन्नाच्या उतरंडीतील खालची ४० टक्के कुटुंबेच हिशेबात धरून त्यांना ३० टक्क्यांची कसोटी लावतात. कॅनडातील अभ्यासक डेव्हिड हल्चान्स्की यांनी १९९५ मध्ये या गुणोत्तराचे सहा उपयोग वेगळे केले. खर्चाचे वर्णन करणे, कल पाहणे आणि अनुदानित घरांची भाडी ठरवणे यांसाठी ते चालते. गरज कोणाला आहे किंवा भाडे देण्याची ऐपत कोणाची आहे हे त्यावरून ठरवणे चूक, हा त्यांचा निर्वाळा सर्वसाधारणपणे ग्राह्य मानला जातो.

गुणोत्तरातील दोष साध्या उदाहरणाने दिसतो. एकट्या व्यक्तीचे उत्पन्न १०० आहे आणि ती ३५ भाडे देते. तिच्याजवळ ६५ उरतात. पाच जणांच्या कुटुंबाचेही उत्पन्न १०० आहे, भाडे २५. उरलेले ७५ पाच जणांत वाटले तर माणशी १५ येतात. कसोटीप्रमाणे अडचणीत आहे ती एकटी व्यक्ती. अमेरिकन अभ्यासक मायकेल स्टोन यांनी पुरस्कारलेली ‘शिल्लक उत्पन्न’ पद्धत म्हणूनच घरखर्च वजा जाता किमान गरजांपुरते उरते की नाही, एवढेच पाहते. ती तर्काला अधिक धरून आहे, पण किमान गरजांची यादी कोणी ठरवायची हा तंटा तीत आहेच; शिवाय मोजणी किचकट. प्रशासनाने टक्केवारी सोडली नाही ती त्यामुळे.

विकत घ्यायच्या घरांसाठी मध्यम (चढत्या क्रमात मधोमध येणारी) किंमत भागिले तसेच मध्यम वार्षिक उत्पन्न हे गुणोत्तर वापरतात. शहरांतील घरांच्या किमतींची तुलना करणाऱ्या ‘डेमोग्राफिया’च्या वार्षिक अहवालांत ३ पर्यंतचे गुणोत्तर परवडणारे आणि ५ च्या वरचे अत्यंत न परवडणारे समजतात. या मापनात व्याजदर धरलेला नसतो, हा आक्षेप रास्त आहे. २५ वर्षांच्या कर्जावरील व्याज ९ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, तर त्याच मासिक हप्त्यात सुमारे ४३ टक्के अधिक कर्ज मिळते. किमतीही तेवढ्याच चढल्या तर हप्त्याच्या दृष्टीने काहीच बिघडले नाही, असे म्हणता येते. परंतु सुरुवातीला स्वतःच्या खिशातून भरायची रक्कमही ४३ टक्क्यांनी वाढलेली असते. घर वार्षिक उत्पन्नाच्या चौपट किमतीचे, स्वतःचा हिस्सा २० टक्के आणि बचत उत्पन्नाच्या १० टक्के धरली तर हा हिस्सा साठायला ८ वर्षे लागतात. किंमत आठपट झाली तर १६ वर्षे. तेवढ्या काळात किमती पगारापेक्षा वेगाने वाढल्या तर मुदत आणखी लांबते. ज्याचे जुने घर आहे त्याच्या घराचीही किंमत वाढलेली असल्याने तो ते विकून हा टप्पा ओलांडतो. पहिले घर घेणारा तिथेच अडतो. पिढ्यांमधील अंतराचा उलगडा हप्त्यापेक्षा या पहिल्या रकमेतून अधिक होतो, असे दिसते.

महागाईच्या अधिकृत आकड्यांत हा भार पुरता उमटत नाही. अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकात १९८३ पूर्वी घराची किंमत व कर्जाचे व्याज धरले जाई. त्या वर्षापासून मालकाने स्वतःचेच घर भाड्याने घेतले असते तर काय भाडे पडले असते, असा अंदाज धरतात. यूरोपीय संघाच्या ‘सुसंवादी’, म्हणजे सर्व सदस्य देशांत एकाच पद्धतीने काढलेल्या, ग्राहक किंमत निर्देशांकातून मालकाच्या स्वतःच्या घराचा खर्च प्रदीर्घ काळ वगळलेलाच होता. तो समाविष्ट करावा अशी शिफारस यूरोपीय मध्यवर्ती बँकेने २०२१ मध्ये केली. भाड्यांच्या सरासरीत वर्षानुवर्षे त्याच जागी राहणारे भाडेकरू बहुसंख्य असतात. नोकरी-शिक्षणासाठी वारंवार जागा बदलणारे तरुण मात्र दर वेळी बाजारातले ताजे भाडे भरतात, आणि ते सरासरीत उशिरा उतरते. थोडक्यात, निर्देशांक स्थिरावलेल्यांचा खर्च बरा मोजतो, नव्याने येणाऱ्यांचा नाही.

कारणांबाबत मतभेद आहेत. कॅथरिना क्नोल, मोरिट्झ शुलारिक व थॉमस श्टेगर यांनी २०१७ मध्ये १४ प्रगत देशांतील १८७० ते २०१२ या काळातील किमती एकत्र मांडल्या. महागाई वजा जाता त्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फारशा हलल्या नाहीत, त्यानंतर मात्र झपाट्याने वाढल्या; आणि त्या वाढीचा सुमारे ८० टक्के भाग बांधकामाच्या खर्चाचा नसून जमिनीच्या किमतीचा होता. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांचा खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा, सिद्धांत (१८१७) शेतजमिनीपुरता होता, पण मर्यादित जागेचा लाभ जमीनमालकाकडे जातो हे त्याचे सूत्र येथेही लागू पडते. जमीन महाग का झाली यावर मात्र दोन पक्ष आहेत. एडवर्ड ग्लेझर व जोसेफ ग्योर्को या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांच्या मते भूवापराचे नियम, उंचीच्या मर्यादा आणि परवान्यांची दिरंगाई यांमुळे पुरवठा आखडतो. दुसरा पक्ष स्वस्त कर्ज आणि घराला गुंतवणुकीची मालमत्ता मानण्याची वृत्ती यांवर बोट ठेवतो. नियम ढिले असलेल्या शहरांत स्वस्त कर्ज उपलब्ध असूनही किमती तुलनेने कमी राहिल्या, यावरून पहिल्या पक्षाला अधिक आधार मिळतो. तथापि २००० नंतरच्या तेजीचा वेग केवळ नियमांनी समजत नाही.

घराखेरीजच्या राहणीखर्चाबाबत अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांचे प्रतिपादन बहुधा पुरेसे आहे : कारखान्यातील उत्पादकता वाढते तशी वर्गात शिकवण्याची किंवा मुले सांभाळण्याची वाढत नाही, पण पगार दोन्हीकडे वाढावेच लागतात. परिणामी वस्तू स्वस्त आणि सेवा महाग होत जातात. शिक्षणशुल्क व पाळणाघराचा खर्च नेमका तरुण वयात येतो.

परिणामांपैकी मालकीतील घट चांगली नोंदलेली आहे. ब्रिटनमधील वित्तीय अध्ययन संस्थेच्या २०१८ च्या पाहणीनुसार मध्यम उत्पन्नाच्या २५ ते ३४ वयोगटात स्वतःचे घर असलेल्यांचे प्रमाण १९९५–९६ मध्ये ६५ टक्के होते, ते २०१५–१६ मध्ये २७ टक्क्यांवर आले. आईवडिलांच्या मदतीवर किंवा वारशावर घर मिळणे अवलंबून राहू लागल्याने एकाच पिढीतही दरी पडते. आईवडिलांचे घर सोडण्याचे सरासरी वय २०२२ मध्ये यूरोपीय संघात २६.४ होते, क्रोएशियात ३३.४ आणि फिनलंडमध्ये २१.३. हा फरक सर्वस्वी किमतींमुळे पडतो असे मानणे धाडसाचे ठरेल. कुटुंबपद्धतीचा त्यात मोठा वाटा आहे.

उपायांचे अनुभव संमिश्र आहेत. सॅन फ्रॅन्सिस्कोत १९९४ मध्ये भाडेनियंत्रण जुन्या छोट्या इमारतींनाही लागू झाले. २०१९ च्या एका अभ्यासानुसार त्याने आत असलेल्या भाडेकरूंना थारा दिला, पण मालकांनी भाड्याची घरे सुमारे १५ टक्क्यांनी कमी केल्याने शहरातील एकूण भाडी ५ टक्क्यांच्या आसपास वाढली. इंग्लंडमधील नवे बांधलेले घर घेणाऱ्यांसाठीच्या सरकारी कर्जसाहाय्याने (२०१३–२३) लंडन परिसरात घरे वाढली नाहीत, किमती वाढल्या. वेल्सच्या सीमेलगत, जिथे बांधायला जागा होती, तिथे बांधकाम वाढले. व्हिएन्ना १९२० च्या दशकापासून नगरपालिकेची भाड्याची घरे बांधत आले आहे. सिंगापूरमध्ये १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत सुमारे ८० टक्के रहिवासी कुटुंबे राहतात. जमिनीचा फार मोठा हिस्सा सरकारच्या ताब्यात असल्याशिवाय हे शक्य झाले नसते. न्यूझीलंडमधील ऑकलंडने २०१६ मध्ये शहराच्या बऱ्याच भागांत अधिक घनतेच्या बांधकामास मुभा दिली, त्यानंतर तेथील परवान्यांची संख्या लक्षणीय वाढली.

विकसनशील देशांतील तोंडी कराराच्या भाड्यांना व अनौपचारिक वस्त्यांना वरील मापने नीट लागू पडत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील ११.१.१ या निर्देशकात झोपडपट्टी, अनौपचारिक वस्ती आणि अपुरे घर यांचा एकत्र विचार होतो, आणि ‘अपुरे’ ठरवताना पुन्हा ३० टक्क्यांचीच कसोटी लावली जाते.