वस्तीतील कलेचा खर्च कोणी उचलला? पुण्यापुरती पार्श्वभूमी

पुण्यातील झोपडपट्ट्या, पूरग्रस्तांच्या वसाहती आणि हाउसिंग बोर्डाच्या चाळी एकामागून एक पुनर्विकासाला जात असताना तेथील कलापथके, भजनी मंडळे आणि शाहिरी पथके यांच्या खर्चाची तरतूद कोणी करायची, हा प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला आहे. या प्रश्नाला दीड शतकाची पार्श्वभूमी आहे. वस्तीतील कलेसाठी पैसा मुळीच नव्हता, असे त्यातून दिसत नाही. तो पैसा प्रामुख्याने रहिवाशांनी आपल्या मिळकतीतून उभा केला आणि सरकारी पैसा आला तेव्हा तो बहुतेक वेळा कलेसाठी नव्हे, तर बांधकामासाठी आला, असे दिसते.

जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. पुढे त्या चळवळीतून तमाशाच्या घाटाचे सत्यशोधक जलसे, म्हणजे गाणी व नाट्य यांतून विचार सांगणारे कार्यक्रम, निघाले आणि १९३० च्या दशकात आंबेडकरी जलशांनी तीच वाट अधिक धारदार केली. या जलशांना तिकीट नसे. ज्या वस्तीत कार्यक्रम, ती वस्ती कलावंतांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय करी. दुसरीकडे १८९० च्या दशकात सुरू झालेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाने वर्गणीची पद्धत पेठांमध्ये आणि नंतर वस्त्यांमध्ये रुजवली. मेळ्यांच्या, म्हणजे गणेशोत्सवात गाणी आणि नाट्य सादर करणाऱ्या पथकांच्या, काळात या वर्गणीतून पदे रचणारे, चाली लावणारे आणि पेटी-तबल्यावर बसणारे यांचा खर्च निघत असे. आज सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-क नुसार वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यावी लागते. पावतीपुस्तक, हिशेबाचा फलक आणि वार्षिक जमाखर्च हा शिरस्ता वस्तीतील तरुण फार लवकर शिकतात. त्यांना पैसा सांभाळता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा तो हिशेबाचा फलक उभे राहून वाचावा.

राष्ट्र सेवा दलाचे उदाहरण येथे थोडे विस्ताराने दिले पाहिजे. १९४१ साली पुण्यात स्थापन झालेल्या या संघटनेच्या कलापथकाने लोकनाट्य आणि समूहगीत हे सामाजिक शिक्षणाचे साधन मानले. निळू फुले त्याच कलापथकातून पुढे आले. तरुणपणी ते पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत आणि ऐंशी रुपयांच्या पगारातील दहा रुपये दरमहा सेवा दलाला देत. पगाराचा आठवा हिस्सा देणारा कलावंत हाच त्या काळच्या सामुदायिक कलेचा देणगीदार होता. ही गोष्ट मोठ्या मनाची आहे, यात शंका नाही. पण जी व्यवस्था कमी पगाराच्या माणसाच्या त्यागावर चालते, ती त्या माणसाचे काम सुटले किंवा घरात आजारपण आले की थांबते, हेही तितकेच खरे आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली आणि नदीकाठच्या पेठांतील हजारो कुटुंबांना गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा नव्या वसाहतींत जावे लागले. इतक्या मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक खर्चाने घरे बांधण्याचा शहराचा हा पहिलाच अनुभव होता. नियोजन घर, नळ, संडास आणि रस्ता यांचे झाले, आणि त्या घाईत ते स्वाभाविकही होते. गणपती, भजन आणि नाटक हे लोकांनी जुन्या वाड्यांतून बरोबर आणले व त्याचा खर्चही आपसांत वाटून घेतला.

महापालिकेची भूमिका समजण्यासाठी १९४९ चा महानगरपालिका अधिनियम पाहावा लागतो. त्याच्या कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्ये आहेत आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक. पाणी व मलनिस्सारण पहिल्या यादीत येतात. सार्वजनिक ठिकाणचे संगीत, करमणूक आणि नाट्यगृहे दुसऱ्या यादीत. ऐच्छिक यादीतूनही पुण्यात मोठे काम झाले. २६ जून १९६८ रोजी बालगंधर्व रंगमंदिर उघडले आणि पुढे कोथरूड, पद्मावती व औंध येथे सभागृहे उभी राहिली. मात्र या सभागृहांचे भाडे भरून प्रयोग करणे वस्तीतील पथकाला क्वचितच परवडते. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने शहरी वस्ती सुधारणेची राज्य योजना आहे. तिचा निधी रस्ते, गटारे, दिवे, समाजमंदिर अशा कामांना जातो. ही कामे आवश्यकच आहेत, परंतु शाहिराच्या नावाच्या योजनेत शाहिरीसाठीही एखादा रकाना असायला हवा होता, असे मनापासून वाटते.

याचे मूळ अंदाजपत्रकाच्या रचनेत आहे. समाजमंदिराची भिंत भांडवली, म्हणजे एकदाच होणाऱ्या बांधकामाच्या, खर्चात बसते, तिची निविदा निघते, ठेकेदाराचे बिल मंजूर होते आणि कोनशिलेवर नाव लागते. ढोलकी शिकवणाऱ्याचे मानधन, हार्मोनिअमची दुरुस्ती, तालमीच्या रात्रीचे वीजबिल आणि प्रयोगाला जाण्यासाठी टेम्पोचे भाडे हे मात्र दरमहा लागणारे खर्च आहेत, आणि त्यांना कोणाचे नाव लागत नाही. परिणामी लोखंडी जाळीच्या दाराची एक खोली, आत प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, गोदरेजच्या कपाटात कुलूपबंद वाद्ये आणि किल्ली कोणाकडे आहे याची चौकशी, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत झोपडपट्टी सुधारणा आणि सांस्कृतिक उन्नती हे दोन्ही विषय नागरी संस्थांकडे सोपवले. २००६ पासून पुण्यात नागरिकांच्या सूचनांसाठी सहभागी अंदाजपत्रकही सुरू झाले, पण त्यातही मागण्या पदपथ, दिवे आणि बाक यांच्याच राहिल्या, कारण प्रभाग पातळीवर तशीच कामे मंजूर होतात, हे लोकांना ठाऊक होते.

पुण्यासाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण २००५ मध्ये स्थापन झाले. त्याच दशकाच्या अखेरीस केंद्राच्या शहरी गरीब योजनेतून येरवड्यात लोकांची घरे आहे त्याच जागी बांधून देण्याचा प्रकल्प झाला. प्रत्येक घराचा खर्च सुमारे तीन लाख रुपये धरला होता आणि त्यातील दहा टक्के वाटा रहिवाशांचा होता. गल्ली आणि शेजार कायम राहिल्याने मंडळेही टिकण्याची शक्यता तेथे होती. उंच इमारतींच्या पुनर्वसनात तसे होत नाही. पुनर्वसन नियमांत बालवाडी व कल्याण केंद्र यांची जागा असते, परंतु ओटा, चौक आणि दारोदार फिरून होणारी वर्गणी यांची जागा लिफ्ट आणि देखभाल शुल्क घेतात. दरमहा देखभाल भरताना ज्याची ओढाताण होते, त्याच्याकडे कलापथकासाठी मागायला जाणे कार्यकर्त्यांनाही जड जाते.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने नवा स्रोत आणला. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत, ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला व संस्कृती आहे आणि झोपडपट्टी विकासही आहे. अडचण पात्रतेची आहे. एप्रिल २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला केंद्राकडे स्वतंत्र नोंदणी लागते. त्याआधी प्राप्तिकराची प्रमाणपत्रे आणि लेखापरीक्षण लागते. वस्तीतील मंडळ यात बसत नाही, म्हणून पैसा मोठ्या संस्थेमार्फत, एका वर्षाच्या मुदतीने येतो आणि भिंतीवरील चित्रासारख्या, छायाचित्रात चटकन दिसणाऱ्या कामाकडे वळतो. तालीम छायाचित्रात दिसत नाही, पण कलावंत घडतो तो तालमीतच.

राज्याचे पहिले सांस्कृतिक धोरण २०१० मध्ये आले आणि नवे धोरण २०२४ मध्ये मंजूर झाले. २०२५ मध्ये राज्याने १,८०० भजनी मंडळांना वाद्यखरेदीसाठी प्रत्येकी २५,००० रुपये देण्याचे ठरवले. रक्कम लहान असली तरी ती थेट गाणाऱ्यांच्या हाती जाते, म्हणून हा निर्णय महत्त्वाचा आहे. पुण्यातील पुनर्वसन इमारतींत कल्याण केंद्राची जागा आजही कागदावर मिळते. त्या जागेचे वीजबिल आणि शिकवणाऱ्याचे मानधन विकसकाकडून घेतल्या जाणाऱ्या देखभाल निधीतून द्यायचे की महापालिकेच्या महसुली, म्हणजे नेहमीच्या चालू, खर्चातून, हे करारनाम्यावर सह्या होण्यापूर्वीच ठरवून घेतले पाहिजे. ताबा मिळाल्यानंतर त्या निधीवर लिफ्टच्या आणि पाण्याच्या पंपाच्या दुरुस्तीचा हक्क आधी लागतो.